एका कागदावर ३, दुसऱ्यावर १+ : मणक्याच्या दुखापतीनंतर पायाचा ताठरपणा मोजायचा कसा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा धाकटा भाऊ, त्याला इथे दादाच म्हणतो, निफाडकडे ट्रॅक्टर पलटी होऊन डी-८ ला, म्हणजे पाठीच्या आठव्या मणक्याला दुखापत झाली, १४ महिने झाले. पाय ताठ होतात, रात्री उडतात. घरी येणाऱ्या फिजिओने गुडघ्याचा ॲशवर्थ, म्हणजे ताठरपणाचा ० ते ४ मधला आकडा, ३ लिहिला, आठ दिवसांनी नाशिकला कॉलेज रोडला दाखवलं तर तिथे १+ लिहून दिला. आता डॉक्टर म्हणतात ३ असेल तर बॅक्लोफेन, म्हणजे ताठरपणा कमी करायची गोळी, वाढवू. आणि तुम्ही विचारताय की खरा आकडा कुठला आणि चुकलं कोण.

मी नाशिकमध्ये २२ वर्षं फिजिओथेरपी करतोय, त्यातली बरीचशी मणक्याच्या पेशंटबरोबरच गेली. माझं मत विचाराल तर बहुतेक दोघंही बरोबर आहेत, पण त्यातल्या कुठल्याही एका आकड्यावर गोळी वाढवू नये. का ते सांगतो, जरा लांबेल, पण सावकाश वाचा, कारण या एका गोष्टीवर तुमच्या भावाची पुढची काही वर्षं अवलंबून आहेत.

आधी हा ताठरपणा येतो कुठून ते. स्नायू झटकन ताणला की तो उलटा आखडतो, हे तुमच्या माझ्या सगळ्यांच्या शरीरात असतं, डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो ते हेच, याला रिफ्लेक्स म्हणतात. हे सगळं सर्किट मज्जारज्जूतच पूर्ण होतं, मेंदूचं काम फक्त त्याला लगाम घालायचं. डी-८ ला मज्जारज्जूला मार बसला की लगाम सुटतो पण खालचं सर्किट जिवंत राहतं. सुरुवातीचे काही आठवडे पाय अगदी लुळे असतात कारण खालचा भागही धक्क्यात असतो, मग हळूहळू ते जागं होतं आणि पाय ताठ व्हायला लागतात. म्हणूनच ज्यांना अगदी खाली कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्याही खालच्या नसांना मार लागलाय त्यांचे पाय लुळेच राहतात, तिथे सर्किटच तुटलेलं असतं. दुखापतीला वर्ष उलटून गेलेल्या पेशंटमध्ये साधारण ६५ ते ७८ टक्के लोकांना या ताठरपणाचा कमी जास्त त्रास असतो असं अभ्यासात आलंय, तेव्हा तुमच्या भावाला काही जगावेगळं झालेलं नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाय पहिल्यांदा उडतो तेव्हा घरात काय होतं ते मी किती घरांत पाहिलंय. आई ओरडते, पाय हलवला, पाय हलवला! शेजारी गोळा होतात, नवस बोलले जातात. आणि काही घरांत उलटं, फिट आली म्हणून कांदा हुंगवतात. दोन्ही नाही. ही फिट नाही आणि ही आपल्या मर्जीने केलेली हालचालही नाही. ओळखायचं सोपं आहे, दादा आता अंगठा हलव म्हटल्यावर, आपण सांगू त्या वेळेला, दोन तीनदा हलला तर ती हालचाल खरी, ती लगेच डॉक्टरांना सांगा. पांघरूण ओढलं आणि पाय उडाला तर तो झटका, म्हणजे स्पॅझम. हे घरच्यांना मऊ शब्दांत पण पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं, नाहीतर आशा आणि भीती दोन्ही चुकीच्या जागी बसतात.

आता मोजमाप. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाचे न्यूरॉलॉजिस्ट जेम्स लान्स यांनी स्पॅस्टिसिटीची, म्हणजे या ताठरपणाची, जी व्याख्या दिली ती आजही आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो, आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे वेग. पाय हळू वाकवला तर सहज वाकतो, तोच झटकन वाकवला तर मध्येच अडतो. म्हणजे हात किती वेगाने फिरवला हे लिहिलं नसेल तर पुढच्या आकड्याला अर्थ कमीच.

तुमच्या कागदावर जे आहे ते मॉडिफाइड ॲशवर्थ. मूळ स्केल १९६४ चं, ॲशवर्थ नावाच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराच्या पेशंटवर एका औषधाचा परिणाम बघायला बनवलं, आणि १९८७ मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी त्यात १ आणि २ च्या मध्ये १+ घातला, तोही कोपरावर तपासून. म्हणजे मणक्याच्या पेशंटच्या पायासाठी हे मुळात बनलेलंच नाही, सोपं आहे आणि साधन काही लागत नाही म्हणून सगळीकडे चालतं. ० म्हणजे ताठरपणा नाही. १ म्हणजे जरासा अडतो आणि सुटतो, किंवा शेवटी शेवटी किंचित जड लागतो. १+ म्हणजे अडतो आणि मग उरलेल्या अंतरात थोडा जड, हे उरलेलं अंतर एकूण हालचालीच्या अर्ध्याहून कमी. २ म्हणजे बहुतेक सगळ्या हालचालीत जड पण तरी सहज हलतो. ३ म्हणजे हलवायलाच कष्ट. ४ म्हणजे जाम. हे सगळं तपासणाऱ्याच्या हाताला काय वाटलं त्यावर आहे, त्यामुळे १, १+ आणि २ मध्ये दोन अनुभवी माणसांचंही जमत नाही, विशेषतः घोट्याला.

आम्ही शिकत होतो तेव्हा सरांनी सवय लावली, पाय फिरवताना मनात "एक हजार एक" म्हणायचं, तेवढ्यात सगळी हालचाल पूर्ण व्हायला हवी, म्हणजे साधारण एक सेकंद. मी अजून म्हणतो. टाच तळहातात, दुसरा हात मांडीला, पेशंट उताणा, मान सरळ, आणि एकदाच किंवा फार तर तीनदा, कारण पाच सहा वेळा वाकवलं की पाय आपोआप सैल होतो आणि तुम्ही स्वतःच आकडा खाली आणता.

आता तुमच्या दोन कागदांकडे परत या. पहिल्यांदा तपासलं ते घरी, सकाळी ७ ला, जानेवारीत, तुम्हीच लिहिलंय की त्या रात्री थंडीमुळे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्या होत्या. थंडीत पाय कडक होतात हे बहुतेक सगळे पेशंट सांगतात. सकाळची गोळी झाली नव्हती, आणि बॅक्लोफेनचा अंमल काही तासच टिकतो. दुसऱ्यांदा तपासलं ते दुपारी १२ ला, गोळी घेऊन दोन तास झालेले, आधी गरम शेक आणि स्ट्रेचिंग झालेलं, दादा कोचवर आडवा. तोच पाय, तेच स्केल, आणि ३ चा १+ झाला. मला यात काहीच नवल वाटत नाही. तुम्ही द्राक्षवाले आहात, तुम्हीच सांगा, एका घडाचा एक मणी घेऊन बागेची साखर ठरवता का? उन्हातला घड, सावलीतला घड, वरचा, खालचा, सगळीकडचे मणी घेऊन मगच मीटरवर रस टाकता ना. तसंच आहे हे.

म्हणून पहिला नियम, मोजायचं ते एकाच माणसाने, एकाच वेळेला, गोळी घेतल्यापासून ठरलेल्या वेळाने, एकाच पोझिशनमध्ये, लघवी आणि शौच होऊन गेल्यावर, आणि स्ट्रेचिंगच्या आधी. आणि हे सगळं आकड्याच्या शेजारी लिहायचं. नुसतं एमएएस (मॉडिफाइड ॲशवर्थ) ३ लिहिलेला कागद अर्धा कोराच समजा.

ॲशवर्थचा दुसरा मोठा दोष मला माझ्या चुकीतून कळला. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या चौथ्या वर्षी एका पेशंटच्या घोट्याला मी दर वेळी ३ लिहीत होतो, त्यावरून त्याला पोटरीत स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सची इंजेक्शनं दिली गेली, घरच्यांनी भरपूर पैसा घातला आणि घोटा जराही हलला नाही. कारण तो घोटा रिफ्लेक्समुळे कडक नव्हता, स्नायू आणि त्यांच्या कंडरा आखूड होऊन बसल्या होत्या, कॉन्ट्रॅक्चर. ॲशवर्थला हा फरक कळत नाही, त्याला फक्त जड लागलं एवढंच कळतं. तो आकडा मी लिहिला होता आणि ते अजून मनातून जात नाही.

हा फरक कळतो तार्दियू स्केलने. फ्रान्सच्या तार्दियू यांनी १९५४ मध्ये ही कल्पना मांडली, पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. यात तोच सांधा दोनदा तपासायचा, एकदा अगदी हळू, जितका हळू जमेल तितका, आणि एकदा जितका झटकन जमेल तितका. हळू नेल्यावर शेवटी कुठे थांबला तो कोन मोजायचा, आणि झटकन नेल्यावर पहिल्यांदा कुठे अडला तो कोन मोजायचा, गोनिओमीटर, म्हणजे कोन मोजायची पट्टी लावून, अंदाजाने नाही. या दोन कोनांतलं अंतर हे खरं सोनं आहे. समजा घोटा हळू नेला तर ९० अंशाच्या पुढे १० अंश वर येतो आणि झटकन नेला तर ९० च्या १५ अंश अलीकडेच अडतो, म्हणजे फरक २५ अंश, इथे रिफ्लेक्स जोरात आहे, गोळीला किंवा इंजेक्शनला काम करायला जागा आहे. पण हळू नेला तरी १० अंश अलीकडे थांबला आणि झटकन नेला तर १५ अलीकडे, म्हणजे फरक फक्त ५, तर तिथे गोळी वाढवून दादाला झोप येईल, घोटा सुटणार नाही, तिथे स्प्लिंट, उभं राहण्याचा टेबल, प्लास्टर अशा वाटेने जावं लागतं. घोटा गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून असा दोन्ही प्रकारे बघायचा कारण पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्यावरूनही जातो. तुमच्या फिजिओंना सांगा, तार्दियू करून द्या, कोनांसकट. चांगल्या फिजिओला याचा राग येणार नाही.

ही झटकन करायची टेस्ट मात्र घरच्यांनी करू नये, अगदी व्हिडिओ बघून शिकलात तरी नको. दुखापतीखालची हाडं वर्षभरात विरळ होत जातात, गुडघ्याच्या आसपासचं हाड जोराने वाकवताना मोडू शकतं आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही, दुसऱ्या दिवशी सूज दिसते.

आता जे तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त आहे आणि दोन्ही कागदांवर एका अक्षराने नाही ते, रात्रीचे झटके. दादा कोचवर शांत पडलेला असताना पाय किती जड लागला यावरून तो रात्री तीनदा दचकून उठतो हे कळणारच नाही. या वेगळ्या गोष्टी आहेत. ताठरपणा, झटके आणि घोटा टकटक थरथरत राहतो तो क्लोनस, तिन्ही वेगळे मोजावे लागतात आणि एक कमी झालं म्हणजे बाकीचे कमी झाले असं होत नाही.

झटक्यांसाठी पेनचं स्केल आहे, १९८९ मध्ये मणक्यात पंपाने बॅक्लोफेन सोडण्याच्या अभ्यासात वापरलेलं. ० म्हणजे झटके नाहीत, १ म्हणजे हात लावला, हलवलं तरच थोडे येतात, २ म्हणजे मोठे झटके पण तासाला एकापेक्षा कमी, ३ म्हणजे तासाला एकापेक्षा जास्त, ४ म्हणजे तासाला दहापेक्षा जास्त. याच्या सुधारलेल्या प्रकारात जोर किती तेही विचारतात, सौम्य, मध्यम की जोरदार. हे घरी लिहिता येतं आणि घरच्यांनीच लिहावं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जिथे दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकोनात दोन आकडे लिहा, दिवसाचा आणि रात्रीचा, आणि रात्री झोप किती वेळा मोडली. पंधरा दिवस. हे मी पेशंटला सांगतो तेव्हा पहिले चार दिवस सगळे उत्साहाने लिहितात मग सुटतं, म्हणून हे काम घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला द्या, ती मुलं चुकत नाहीत.

तपासणाऱ्याने करायच्या आणखी तीन गोष्टी आहेत, स्कॅट्स म्हणतात, खास मणक्याच्या पेशंटसाठी बनलेलं. घोटा झटकन वर करून थरथर किती सेकंद टिकते ते घड्याळ लावून मोजायचं, ३ सेकंदांच्या आत थांबली तर सौम्य, ३ ते १० मध्यम, १० च्या पुढे जोरदार. तळव्याच्या आतल्या कमानीला पिन टोचून पाय किती आखडतो ते बघायचं. आणि गुडघा खुबा दोन्ही वाकवलेला पाय एकदम सरळ करून मांडी किती सेकंद ताठ राहते ते. पाच मिनिटांत होतं.

एक टेस्ट मला फार आवडते कारण तिचा पुरावा डोळ्यांना दिसतो. पेंडुलम टेस्ट, वार्टेनबर्ग यांनी १९५१ मध्ये सांगितलेली. दादाला टेबलाच्या कडेला पाय खाली सोडून, पाठीला उशा लावून थोडं मागे रेलून बसवायचं. मी खुब्याच्या बाहेरच्या हाडावर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि घोट्याच्या हाडावर एकेक लाल टिकली लावतो, हो, बायका लावतात तीच, कातडीला चिकटते आणि मोबाइलमध्ये ठळक दिसते. शेजारी कोणीतरी मोबाइल आडवा धरून स्लो मोशनवर लावतं. मग टाच धरून गुडघा सरळ करायचा, दोन श्वास थांबायचं, आणि सोडून द्यायचा. निरोगी पाय झोक्यासारखा पाच सहा वेळा हलून थांबतो आणि पहिला झोका तर शेवटी जिथे थांबतो त्याच्याही बराच पलीकडे जातो, सरळ पायापासून शेवटी थांबतो तिथपर्यंतच्या अंतराच्या साधारण दीडपट किंवा जास्त. ताठ पाय पहिल्याच झोक्यात हवेत अडतो, कधी कधी परत वर उसळतो, मग तुकड्या तुकड्याने खाली येतो. व्हिडिओ थांबवून टिकल्यांवरून कोन काढता येतो. फिजिओ असतानाच करा, पण महिन्यातून एक व्हिडिओ, त्याच टेबलावर, त्याच वेळेला, हा रेकॉर्ड मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगून जातो.

ईएमजी, एच-रिफ्लेक्स अशा स्नायू आणि नसांच्या विजेच्या तपासण्या, मशीनला पाय बांधून वेग आणि ताकद मोजणं हेही आहे. संशोधनाला उत्तम, पण तुमच्या भावाची गोळी ठरवायला त्याची गरज नाही, त्यावर पैसे घालवू नका.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. ताठरपणा दर वेळी शत्रू नसतो. माझा एक पेशंट, सिन्नरच्या कारखान्यात कामाला होता, पलंगावरून व्हीलचेअरवर स्वतः जायचा. कसं? मांडीला हात घासून पाय ताठ होऊ द्यायचा आणि त्या ताठ पायांवर क्षणभर भार देऊन वळायचा, कोणी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यानेच शोधलं होतं. ॲशवर्थ ३ बघून त्याचा डोस वाढवला, महिन्याभरात १ आला, फाइलवर सुधारणा लिहिली गेली. आणि तो माणूस पलंगावरून उतरायला बायकोवर अवलंबून झाला, पाय कापडासारखे झाले, एकदा खाली बसला तो दोघांनी उचलला. आकडा सुधारला आणि आयुष्य बिघडलं. डोस हळूहळू कमी करून तो परत जमायला लागला पण त्यात तीन महिने गेले.

हे टाळायला २००७ साली एक प्रश्नावली आली, एससीआय-सेट, ३५ प्रश्नांची. गेल्या ७ दिवसांत या ताठरपणाने अमुक कामात किती त्रास दिला किंवा किती मदत केली, उणे ३ ते अधिक ३. मदत झाली हेही उत्तर असू शकतं, म्हणून मला ती प्रिय आहे. सगळे प्रश्न नाही तरी दादाला शेजारी बसून हे विचारा: झोप, पलंग ते खुर्ची, पँट घालणं, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालणं, खुर्चीत नीट बसून राहणं, कॅलिपरवर, म्हणजे पायाला बांधायच्या आधारावर, उभं राहणं, गाडीतून प्रवास, दुखणं. प्रत्येकाला त्रास की मदत आणि किती. उत्तर त्यानेच द्यायचं, तुम्ही नाही, आईनेही नाही.

आणि शेवटचं पण सगळ्यात तातडीचं. ताठरपणा दोन चार दिवसांत एकदम वाढला तर आधी गोळी नाही, आधी कारण शोधायचं. पायाला जाणीव नाही, मग शरीर दुखतंय हे सांगणार कसं, ते असंच सांगतं. दिंडोरीकडचे एक काका, १+ चे आठवड्यात ३ झाले, डोस दोनदा वाढवून माझ्याकडे आले, दिवसभर गुंगीत. मी मोजे काढले, घरचे म्हणाले पाय बघितलेत, काही नाही. अंगठ्याचं नख कडेने मांसात घुसलं होतं, खाली पू. नखाचा तो भाग काढला, ड्रेसिंग झालं, सहाव्या दिवशी पाय पूर्वीसारखे. म्हणून डोस वाढवायच्या आधी बघा: लघवी गढूळ किंवा वास, नळी मुडपलेली, पोट साफ नाही, माकडहाडावर आणि टाचेवर लाल डाग किंवा जखम, नखं, बुटात खडा, एका पायाला सूज किंवा गरमपणा. पोटाची सोनोग्राफी बरेच दिवस झाली नसेल तर मूत्राशयातला खडाही निघतो. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांची दुखापत डी-६ किंवा त्याच्या वर आहे त्यांनी लक्षात ठेवा, झटक्यांबरोबर डोकं ठणकतंय, चेहरा लाल, घाम, आणि बीपी नेहमीपेक्षा २०-४० ने वर, तर लगेच सरळ बसवा, पट्टा आणि कपडे सैल करा, नळी बघा आणि दवाखाना गाठा, ती इमर्जन्सी आहे.

तर डॉक्टरांकडे जाताना दिनदर्शिकेचं ते पान, तार्दियूचे कोन, पेंडुलमचा व्हिडिओ आणि दादाने दिलेली उत्तरं असं घेऊन जा, आणि डॉक्टरांना सरळ सांगा की त्रास मुख्यतः रात्रीचा आहे, दिवसा तो खुर्चीत बदलताना पाय ताठ करून वापरतो का तेही सांगा, म्हणजे वाढवायचा असेल तर रात्रीचाच डोस वाढवता येतो का याचा ते विचार करतील. तोपर्यंत बॅक्लोफेन आहे तीच चालू ठेवा आणि संपायच्या चार पाच दिवस आधीच आणून ठेवा, ही गोळी एकदम बंद झाली तर झटके उसळतात, भास होतात, फिटही येऊ शकते. आणि आज संध्याकाळी दोन्ही मोजे काढून, बॅटरीच्या उजेडात, एकेक बोट बाजूला करून बघा.